एकामागे एक दोन बस, आणि बाकीचे प्रश्न

‘व्यामिश्र अनुकूलनशील प्रणाली’, म्हणजे एकमेकांकडे पाहून वागणं बदलणाऱ्या अनेक घटकांची व्यवस्था, हे नाव जड आहे, पण त्या नावाखाली येणाऱ्या गोष्टी मुंबईकर रोज भोगतो. मागच्या अंकात या विषयातल्या संशोधनाची आणि शिक्षणाची ओळख करून दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांतले सात प्रश्न इथे घेतले आहेत. काही पत्रं एकच गोष्ट विचारत होती, ती एकत्र केली. उत्तरं भौतिकशास्त्र, वाहतूक आणि सार्वजनिक आरोग्य या क्षेत्रांतल्या आमच्या सल्लागारांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न: लोकलची यंत्रणा अवघड आहे हे मान्य. पण ‘अवघड’ आणि ‘व्यामिश्र’ यांत फरक काय? आणि ‘अनुकूलनशील’ हे शेपूट कशाला? (महाविद्यालयीन विद्यार्थी, परळ)

उत्तर: १२ डब्यांचा रेक कारशेडमध्ये खोलून ठेवला तर हजारो सुटे भाग निघतील, पण प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. एक व्हॉल्व्ह बिघडला तर पुढे काय होईल हे आराखडा पाहून सांगता येतं. ही अवघड, म्हणजे क्लिष्ट, यंत्रणा. फलाटावरची गर्दी तशी नसते. पुलाच्या जिन्यासमोर जो डबा येतो तो आधी भरतो, हे नेहमीचा प्रवासी चार दिवसांत शिकतो आणि चढायची जागा त्याप्रमाणे ठरवतो. तसं करणारे वाढले की तोच डबा नकोसा होतो आणि काही जण दोन डबे पुढे सरकतात. रेल्वेने नवा जिना उघडला की सगळं पुन्हा हलतं. इथे प्रत्येक जण बाकीच्यांकडे बघून आपला नियम बदलतो, आणि त्या बदलाने बाकीच्यांची परिस्थिती बदलते. ‘अनुकूलनशील’ हे शेपूट एवढ्यासाठी आहे.

वाळूच्या ढिगाशी तुलना केली तर हे स्पष्ट होईल. एकेक कण टाकत गेलं की कधी दोन कण घसरतात, कधी अख्खी बाजू खाली येते. पेर बाक, चाओ टँग आणि कर्ट वीझेनफेल्ड यांनी १९८७ मध्ये त्याचं प्रारूप (मॉडेल) मांडलं. पुढचा कण किती घसरण घडवेल हे सुटे कण पाहून सांगता येत नाही, म्हणून तो ढीग व्यामिश्र आहे, पण वाळूचा कण काही शिकत नाही. म्हणून तो अनुकूलनशील नाही.

डोंबिवलीचा प्रवासी सकाळी बसायला मिळावं म्हणून आधी उलट कल्याणला जातो. ही युक्ती थोडे लोक करतात तोवरच चालते. अर्थतज्ज्ञ ब्रायन आर्थर यांनी १९९४ मध्ये नेमकं असंच कोडं मांडलं होतं. एका गावात १०० माणसं आहेत आणि एक बार आहे. तिथे ६० पेक्षा जास्त लोक आले तर मजा जाते. मागच्या आठवड्यांचे आकडे पाहून प्रत्येकाने जायचं की नाही ते ठरवायचं. ‘आज गर्दी कमी असेल’ हा अंदाज सर्वांनी केला तर सर्वच येतात आणि अंदाज फसतो. म्हणजे सर्वांना एकच शहाणपण पुरत नाही, निरनिराळे अंदाज बांधणारे लोक लागतात. संगणकावर अशी माणसं वेगवेगळे ठोकताळे घेऊन चालवली तर उपस्थिती ६० च्या आसपास घुटमळते, आणि ते कोणीही ठरवलेलं नसतं.

याचाच भारतीय भाऊ म्हणजे विकास चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांचं ‘कोलकाता पैसा रेस्टॉरंट’ कोडं. जेवढ्या खाणावळी तेवढेच भुकेले, आणि प्रत्येक खाणावळीत एकालाच जेवण मिळणार. सगळ्यांनी डोळे मिटून खाणावळ निवडली तर सुमारे ६३ टक्के खाणावळींत कोणी तरी जेवतं. उरलेल्या ३७ टक्के रिकाम्या राहतात, आणि तेवढेच लोक उपाशी.

‘जटिल’ हा शब्दही या अर्थाने वापरला जातो. आम्ही ‘व्यामिश्र’ घेतला, कारण मराठी वाचक ‘जटिल’ ऐकला की फक्त कठीण असा अर्थ घेतो.

प्रश्न: अर्धा तास बस नसते, मग एकाच नंबरच्या दोन लागोपाठ येतात. मागची रिकामी असते. डेपोत गप्पा मारून एकत्र निघतात की काय? (गृहिणी, मुलुंड)

उत्तर: डेपोवाल्यांवरचा हा आरोप बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. बस वेळेवर आणि नीट अंतर ठेवून सुटल्या तरी वाटेत त्या जोडीने चालू लागतात. गणित अगदी साधं आहे.

समजा बस दर १० मिनिटांनी आहे, प्रत्येक थांब्यावर मिनिटाला एक प्रवासी येतो, आणि चढण्या-उतरण्यात प्रवाशामागे ६ सेकंद जातात. म्हणजे थांब्यावर १० माणसं, ६० सेकंद. आता एक बस सिग्नलला अडकून १ मिनिट मागे पडली. पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी १० ऐवजी ११ माणसं उभी असतात, म्हणून ६ सेकंद आणखी जातात. तिच्या मागच्या बसला मात्र ९ मिनिटांचंच अंतर मिळालं, तिथे ९ माणसं असतात आणि तिचे ६ सेकंद वाचतात. पुढची आणखी मागे पडते, मागची आणखी पुढे सरकते. उशीर दर थांब्याला १.१ पट होत जातो.

एक्सेलमध्ये करून पाहा. ‘अ’ रकान्यात थांब्याचा क्रमांक, शून्यापासून. ‘ब’ मध्ये पुढच्या बसचा उशीर, सुरुवातीला १, आणि प्रत्येक ओळीत वरच्या आकड्याच्या १.१ पट. ‘क’ मध्ये मागच्या बसचा उशीर, सुरुवातीला शून्य, आणि प्रत्येक ओळीत वरचा ‘क’ अधिक ०.१ गुणिले (वरचा ‘क’ वजा वरचा ‘ब’). ‘ड’ मध्ये दोघींतलं अंतर, म्हणजे १० अधिक ‘क’ वजा ‘ब’. दहाव्या थांब्यावर पुढची सुमारे २.६ मिनिटं मागे पडलेली असते, मागची सुमारे २.४ मिनिटं लवकर आलेली असते, आणि १० मिनिटांचं अंतर ५ वर आलेलं असतं. पंधराव्या थांब्यावर ते १० सेकंदांच्याही आत येतं. गणितातल्या बस एकमेकींच्या अंगावर चढतात आणि अंतर उणे होतं, तेव्हा तिथे हिशेब थांबवा. मागची बस रिकामी का, तेही यातच आलं: तिची माणसं पुढचीने उचलली.

आता ६ च्या जागी ३ सेकंद घाला, म्हणजे चढायला-उतरायला वेगळी दारं आहेत असं धरा. ०.१ चं ०.०५ आणि १.१ चं १.०५ होतं, आणि जोडी जमायला पंधराऐवजी तीस थांबे लागतात. बहुतेक मार्ग तोवर संपतो. रस्ता रुंद करण्यावर भांडणाऱ्यांनी या दाराच्या सेकंदांकडे पाहिलं तर बरं होईल.

न्यूएल आणि पॉट्स यांनी १९६४ मध्येच हे गणित मांडलं. उपायही माहीत आहे: पुढचीला पळवू नका, मागचीला थोडं थांबवा. कुठे थांबवायचं यात खरी मेख आहे. बस जिथे सर्वांत रिकामी असते आणि जिथून पुढे गर्दीचे थांबे सुरू होतात, ती जागा धरायची. भरल्या बसला थांबवलं तर आतले ४० लोक संतापतात आणि कंडक्टरला ते ऐकून घ्यावं लागतं, म्हणून नियम कागदावर राहतो. बार्थोल्डी आणि आयझेन्स्टाइन यांनी २०१२ मध्ये याहून पुढची पद्धत मांडली: वेळापत्रक बाजूला ठेवायचं, आणि ठरलेल्या थांब्यावर प्रत्येक बसने आपल्या मागची बस किती मिनिटांवर आहे त्या प्रमाणात थांबायचं. मागची लांब असेल तर जास्त, जवळ असेल तर कमी. अंतरं हळूहळू आपोआप सारखी होतात.

आणि तुम्हीही या यंत्रणेचा भाग आहात. मोबाइलवर मागची बस दोनच मिनिटांवर दिसली म्हणून तुम्ही पहिली सोडता, तेव्हा पहिलीचे ६ सेकंद वाचतात.

प्रश्न: आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात संगणक कक्ष आठवड्यातून एकदाच मिळतो. ४० मिनिटांच्या तासात, ६० मुलांना, संगणकाशिवाय यातलं काही करून दाखवता येईल का? (शिक्षिका, डोंबिवली)

उत्तर: येईल. टॉमस शेलिंग यांचा १९७१ चा वस्त्यांचा खेळ घ्या. मुलांचे सहा-सहांचे दहा गट करा. प्रत्येक गटाला ८ बाय ८ चौकटींचा कागद, २२ राजमा आणि २२ काबुली चणे द्या. २० घरं रिकामी राहतात. नाणी घेऊ नका, एक आणि दोन रुपयांची नाणी शेवटच्या बाकावरून सारखीच दिसतात.

कडधान्य चिठ्ठ्या टाकून पटावर मांडायचं. आपल्याला हवं तसं ‘मिसळून’ मांडलं तर ती मांडणी खरोखरची यादृच्छिक नसते. प्रत्येक दाण्याचे शेजारी म्हणजे भोवतालची जास्तीत जास्त आठ घरं. भरलेल्या शेजारघरांपैकी एक तृतीयांशापेक्षा कमी आपल्या जातीचे असतील तर दाणा नाखूश. एका वेळी एकच नाखूश दाणा चिठ्ठीने निवडायचा आणि तो खूश राहील अशा रिकाम्या घरात हलवायचा. नाखूश कोणी उरला नाही की, किंवा २५ मिनिटं झाली की, थांबायचं.

चुका ठरलेल्या ठिकाणी होतात. मुलं रिकामी घरंसुद्धा छेदात मोजतात, मग नको तितके दाणे नाखूश ठरतात आणि खेळ लांबतो. कोपऱ्यातल्या घराला तीनच शेजारी असतात हे विसरतात. दाण्याला ‘सर्वांत चांगलं’ घर शोधून देतात. नियम फक्त पुरेशा घराचा आहे, आणि तो बदलला की निकालही बदलतो. दोन मुलं एकाच वेळी दोन दाणे हलवतात, तेव्हा दुसऱ्याने पाहिलेला शेजार आता राहिलेला नसतो. एकही शेजारी नसलेला दाणा खूश की नाखूश, हे आधी ठरवून फळ्यावर लिहा. आम्ही त्याला खूश धरतो.

मोजायचं एकच: प्रत्येक दाण्याच्या शेजाऱ्यांत स्वजातीचे किती टक्के, आणि त्याची सरासरी. सुरुवातीला ती ५० च्या जवळपास येते. संगणकावरच्या मोठ्या पटावर फक्त ३० टक्क्यांची अट ठेवली तरी शेवटी ती साधारण ७० च्या पुढे जाते. तुमच्या ६४ घरांत आकडा गटागणिक बराच हलेल, म्हणून दहाही गटांचे आकडे फळ्यावर मांडा. हा पसरलेपणा हा खेळाचा अर्धा धडा आहे. एकाच गटाच्या पटावरून निष्कर्ष काढू देऊ नका.

मग वर्गात हमखास कोणी तरी विचारेल, ‘म्हणजे मुंबईत वस्त्या वेगळ्या आहेत त्या अशाच झाल्या का?’ याचं उत्तर सावधपणे द्यावं लागतं. सौम्य आवडीनिवडीसुद्धा वस्त्या तोडायला पुरतात, एवढंच हे प्रारूप दाखवतं. प्रत्यक्षात तसंच घडलं असं ते दाखवत नाही. राजम्याला भाडं परवडतं की नाही हा प्रश्न पटावर नाही. अमुक धर्माच्या, अमुक जातीच्या किंवा मांसाहारी माणसाला घर नाही असं सांगणारा दलाल आणि सोसायटीचं पदाधिकारी मंडळ पटावर नाही, आणि गिरणगावात गाववाल्याच्या ओळखीने मिळालेली खोलीही नाही. उघड भेदभावाला ‘आपोआप घडलेलं’ असं सौम्य नाव द्यायला हा खेळ वापरला गेला तर तो शिकवला नसता तरी चाललं असतं.

प्रश्न: माझ्या माहितीचा आलेख लॉग-लॉग कागदावर सरळ रेषेत आला. म्हणजे घातांकी-घाताचा नियम, म्हणजे पॉवर लॉ, सिद्ध झाला ना? (संख्याशास्त्राचा विद्यार्थी, विलेपार्ले)

उत्तर: नाही. आधी नाव सुधारू: पॉवर लॉला, म्हणजे किंमत वाढते तशी तिची शक्यता त्या किमतीच्या ठरावीक घाताने घटते या नियमाला, ‘घात-नियम’ म्हणा, घातांकी वितरण वेगळं. लॉग-लॉग कागदावर बऱ्याच गोष्टी सरळ दिसतात, लॉग-नॉर्मलसुद्धा (ज्याच्या आकड्यांचा लॉग घेतला की घंटेच्या आकाराचा आलेख मिळतो ते वितरण), विशेषतः आकडे एक-दोन दशपटींतच पसरले असतील तर. रेषेला लघुतम वर्ग पद्धत लावू नका, उतार चुकतो. क्लॉसेट, शालिझी आणि न्यूमन यांनी २००९ मध्ये दिलेली पद्धत वापरा: घातांक महत्तम संभाव्यतेने (मॅक्सिमम लाइकलीहुड) काढा, नियम कोणत्या किमतीपासून पुढे लागू होतो ती किमानही माहितीतूनच ठरवा, आणि मग लॉग-नॉर्मल व घातांकी वितरणाशी तुलना करा. घात-नियम हरला तर तसं लिहा. त्याने प्रबंधाचं काही बिघडत नाही.

प्रश्न: घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीचं नेटलोगोमध्ये (अशी प्रारूपं चालवायची संगणकप्रणाली) प्रारूप केलं आहे. नागेल-श्रेकेनबर्ग यांच्या वाहतूक प्रारूपाचे नियम घातले, पण आलेख मूळ प्रारूपाशी जुळत नाहीत आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळं येतं. कोड सोबत पाठवत आहे. (संगणकशास्त्राचा विद्यार्थी, ठाणे)

उत्तर: कोड पाहिला. नियम बरोबर आहेत, क्रम चुकला आहे. तुम्ही एकाच ‘आस्क टर्टल्स’ मध्ये, म्हणजे गाड्यांना दिलेल्या एकाच आज्ञेत, वेगही ठरवता आणि गाडीही पुढे नेता. नेटलोगो ‘आस्क’ मधल्या गाड्या एकेक करून, दर वेळी नव्या यादृच्छिक क्रमाने चालवतं. त्यामुळे काही गाड्या समोरच्याची जुनी जागा पाहतात आणि काही नवी. नागेल आणि श्रेकेनबर्ग यांच्या १९९२ च्या प्रारूपात रस्ता म्हणजे घरांची रांग, वेग म्हणजे एका पायरीत ओलांडलेली घरं, आणि सगळ्या गाड्या एकाच क्षणी हलतात. म्हणून दोन ‘आस्क’ लिहा. पहिल्यात फक्त वेग: एकने वाढवा, पण कमाल वेगापुढे नाही; समोरच्या रिकाम्या घरांइतका कमी करा; मग ठरलेल्या संभाव्यतेने आणखी एक कमी करा, पण शून्याखाली नाही. दुसऱ्यात फक्त सरकणं. या चार कृतींतली तिसरी, म्हणजे विनाकारण ब्रेक मारणारा चालक, हीच कोंडीची जन्मदाती आहे.

घोडबंदरला हात लावायच्या आधी नागडं प्रारूप तपासा. मूळ प्रारूपात एक घर ७.५ मीटरचं आणि एक पायरी १ सेकंदाची. ४०० घरांचं वर्तुळ म्हणजे ३ किलोमीटर. ब्रेकची संभाव्यता शून्य ठेवा. कमाल वेग ५ असेल तर ६६ गाड्यांपर्यंत सगळ्या अखेर ५ वरच धावल्या पाहिजेत. त्यापुढे सरासरी वेग म्हणजे रिकामी घरं भागिले गाड्या. तुमच्या १५० गाड्यांना २५० भागिले १५०, म्हणजे १.६७ घरं, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. इथे दुसऱ्या दशांशातही फरक आला तर कोडमध्ये चूक आहे, पुढे जाऊ नका. बहुधा वर्तुळाचं टोक जोडताना समोरचं अंतर मोजण्यात चूक झालेली असते. शेवटच्या घरातली गाडी पहिल्या घराकडे पाहत नाही.

कमाल वेग ५ म्हणजे ताशी १३५ किलोमीटर. तो जर्मन महामार्गाचा आकडा आहे. तुम्हाला २ पुरे, म्हणजे ताशी ५४.

मग संभाव्यता ०.३ करा. आता गाड्यांची कोंडी कुठलाही अडथळा नसताना तयार होते आणि मागे मागे सरकते. याला प्रत्यक्षातला आधार आहे. सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये जपानमध्ये २३० मीटरच्या वर्तुळावर २२ गाड्या चालवल्या. सर्वांना ताशी ३० च्या आसपास एकसारखं चालवायला सांगितलं होतं. थोड्याच वेळात कोंडी जन्मली आणि ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने उलट दिशेला चालू लागली.

‘प्रत्येक वेळी उत्तर वेगळं’ ही तक्रार मात्र चूक नाही, ते तसंच यायला हवं. पहिल्या २,००० पायऱ्या टाकून द्या, पुढच्या ५,००० ची सरासरी घ्या. प्रत्येक घनतेला ३० वेगवेगळी बीजं (यादृच्छिक आकड्यांची मालिका जिथून सुरू होते तो आकडा) देऊन बिहेवियरस्पेसमधून, म्हणजे नेटलोगोच्या अनेक फेऱ्या चालवणाऱ्या साधनातून, चालवा, आणि सरासरीबरोबर पसारा छापा. एकदा गाड्या सारख्या अंतरावर ठेवून सुरू करा, एकदा सगळ्या एका ठिकाणी कोंबून. दोन्हींचे निकाल भिडले नाहीत तर अजून थांबायला हवं. बीजाचा आकडा लिहून ठेवा, नाही तर तोंडी परीक्षेत तोच आलेख पुन्हा काढून दाखवता येत नाही.

आणि आता घोडबंदर. ७.५ मीटरचं घर गाड्या रांगेत चालतात असं गृहीत धरतं. आपल्याकडे दोन गाड्यांमधल्या फटीत दुचाकी आणि रिक्षा शिरतात. त्यासाठी घर लहान करावं लागतं, एका मोटारीने बरीच घरं व्यापावी लागतात, आणि बाजूला सरकण्याचा नियम घालावा लागतो. त्याच्या जोडीला बाजूचे रस्ते जिथे येऊन मिळतात ती ठिकाणं. पादचारी पुलावर उभं राहून दर ५ मिनिटांची वाहनप्रकारानुसार मोजणी करा. एका दिवसाच्या आकड्यांवर प्रारूप जुळवा आणि दुसऱ्या दिवसाच्या आकड्यांवर तपासा. ज्या आकड्यांवर जुळवलं त्यांच्यावरच तपासलं तर प्रत्येक प्रारूप उत्तीर्ण होतं. अहवाल ओडीडी या ठरलेल्या साच्यात लिहा. फोल्कर ग्रिम आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेला हा साचा आहे: आधी आढावा, मग रचनेमागच्या कल्पना, मग तपशील. कोड न पाहता दुसऱ्याला प्रारूप बांधता आलं पाहिजे, ही त्याची कसोटी.

प्रश्न: हिंदमाता परिसरात पाणी तुंबणं आणि त्यानंतरचे आजार यांवर आमची संस्था अभ्यास करते आहे. गटात स्थापत्य अभियंता, डॉक्टर आणि समाजशास्त्राच्या प्राध्यापिका आहेत. तीन बैठका झाल्या, प्रत्येक जण आपापलंच बोलतो. (कार्यकर्ती, लालबाग)

उत्तर: चौथी बैठक पुढे ढकला आणि त्याआधी एक तक्ता भरून घ्या. रकाने पाच: कोणती गोष्ट मोजणार, कोणत्या एककात, किती वेळाच्या अंतराने, किती क्षेत्रासाठी, आणि आकडा कोण आणणार. भांडण विचारांचं आहे असं वाटतं, पण तक्ता भरला की ते बहुधा एककांचं निघतं.

अभियंता तासाला मिलिमीटर बोलतो. मुंबईच्या जुन्या नाल्या तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी होत्या. पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालानंतर लक्ष्य ५० चं ठरलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तोही बराचसा दुपारनंतरच्या काही तासांत. डॉक्टरांच्या डोक्यात मिलिमीटर बसत नाहीत, त्यांना असं सांगा: एक हेक्टरवर ५० मिलिमीटर म्हणजे ५ लाख लिटर. डॉक्टर आठवड्याला रुग्ण मोजतात, आणि तेही वॉर्डनुसार. लेप्टोस्पायरोसिसची लक्षणं संसर्गानंतर साधारण ५ ते १४ दिवसांनी दिसतात. त्याच दिवसाचा पाऊस आणि त्याच दिवसाचे रुग्ण शेजारी मांडले तर काहीच संबंध दिसणार नाही, आणि अभियंता म्हणेल ‘बघा, पाण्याचा दोष नाही’. पाऊस दोन आठवडे पुढे सरकवून पाहा. पाऊस आणि रुग्ण शेजारी मांडलेल्या या तक्त्यात भरतीची वेळ आणि उंची हाही रकाना हवा. मोठ्या भरतीला समुद्राकडची दारं बंद असतात, आणि मग तोच पाऊस वेगळा परिणाम करतो. प्राध्यापिकांचा आकडा मिळवायला सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाचा: कोण, किती वाजता, किती वेळ त्या पाण्यातून चालतं. फुलबाजारातला हमाल, सफाई कामगार आणि दुपारच्या शाळेतली मुलं यांचं उत्तर एक नाही.

दुसरा कागद शब्दांचा. ‘प्रारूप’, ‘जोखीम’, ‘स्थिर’, ‘वस्ती’ हे चार शब्द प्रत्येकाकडून एका वाक्यात लिहून घ्या. अभियंत्याचं प्रारूप संगणकात चालतं, प्राध्यापिकांचं समजून घेण्याची चौकट असते. कोणीही चूक नाही, फक्त अहवालात कोणता अर्थ धरला ते ठरवा.

मग बाणांची आकृती काढा. एक वाढलं की दुसरं वाढतं तिथे अधिक, एक वाढलं की दुसरं घटतं तिथे उणे. वर्तुळ पूर्ण झालं की उण्या खुणा मोजा: सम (किंवा शून्य) असतील तर चक्र स्वतःला फुगवतं, विषम असतील तर आवरतं. उदाहरण तुमच्याच गल्लीतलं आहे. पाणी येतं म्हणून एक दुकानदार ओटा उंच करतो, पाणी शेजारच्या गाळ्यात जातं, तोही उंच करतो. डांबराचे थर चढत रस्ता वर येतो, चाळीचा तळमजला खड्ड्यात जातो, मग तक्रारी, मग पुन्हा भराव. हे फुगणारं चक्र आहे, आणि त्यात कोणीही मूर्खपणा केलेला नाही. पहिल्या आकृतीत १२ पेक्षा जास्त गोष्टी घेऊ नका, आणि ज्याचं एकक सांगता येत नाही त्याला बाण नको. ‘जनजागृती’ला किती किलो म्हणायचं?

सगळ्यात आधी ठरवायची गोष्ट शेवटी सांगतो, कारण बहुतेक गट ती शेवटीच ठरवतात: हा अभ्यास कोणत्या एका निर्णयासाठी आहे? ‘पाणी ओसरल्यावर पहिल्या ७२ तासांत आरोग्य शिबिरं कोणत्या चार ठिकाणी लावायची’ हा प्रश्न घेतला तर तिघांनाही आपापल्या आकड्यांतलं काय टाकून द्यायचं ते कळतं. ‘पूर आणि समाज’ घेतला तर पाचवी बैठकही तशीच होईल. लेखकांच्या नावांचा क्रम मात्र आत्ताच लिहून सही करा.

प्रश्न: भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करते आहे. या विषयात पुढे जायचं तर पदवी कोणती आणि कुठे? (विद्यार्थिनी, विरार)

उत्तर: या नावाची पदवी शोधत बसू नका. न्यू मेक्सिकोतली सांता फे संस्था १९८४ मध्ये याच विषयासाठी निघाली, पण ती काढणारे रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज कोवन, भौतिकशास्त्रज्ञ मरे गेल-मान आणि डेव्हिड पाइन्स यांच्यासारखे लोक आधी आपापल्या विषयात पक्के होते. आपल्याकडचं उदाहरण माधव गाडगीळ यांचं: मुंबई विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एम.एस्सी., हार्वर्डमध्ये गणिती परिसरशास्त्रात पीएच.डी., आणि मग सह्याद्रीतल्या देवराया.

तुमचं भौतिकशास्त्र चांगला पाया आहे. त्यात भर घाला: संभाव्यता, रेषीय बीजगणित, अवकल समीकरणं, पायथन, आणि एक असा विषय ज्यात माणसं किंवा सजीव आहेत. नव्या शैक्षणिक धोरणातल्या मायनरची (दुय्यम विषयाची) सोय महाविद्यालयात असेल तर अर्थशास्त्र किंवा जीवशास्त्र घ्या. सोपं पडतं म्हणून दुसरं गणित घेऊ नका. सांता फे संस्थेच्या कॉम्प्लेक्सिटी एक्सप्लोरर या संकेतस्थळावर प्राथमिक अभ्यासक्रम मोफत आहेत, नेटलोगोही मोफत आहे.

मुंबईत कुलाब्याची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, पवईच्या आयआयटीतलं ग्रामीण तंत्रज्ञानाचं सितारा केंद्र, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था आणि टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था). या सगळ्यांत ‘व्यामिश्र’ हा शब्द पाटीवर दिसणार नाही. प्राध्यापकांच्या पानांवर जाऊन ते गेल्या तीन वर्षांत काय मोजत आहेत ते बघा. बाहेर जायची तयारी असेल तर चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेत या विषयावर बरंच काम चालतं. प्राध्यापकांना पत्र पाठवाल तेव्हा ‘मला आंतरविद्याशाखीय संशोधनाची आवड आहे’ असं लिहू नका, तसं सगळेच लिहितात. वर दिलेला बसचा तक्ता विरारच्या एखाद्या मार्गावर, स्वतः थांब्यावर उभं राहून घेतलेल्या वेळांनी भरा, कुठे जुळला नाही ते दोन परिच्छेदांत लिहा, आणि तो जोडा.